पोलंडवालीबरोबर ब्रिटिश होताना

आईने तिचं नाव कधी घेतलंच नाही. फोनवर "तुझी ती पोलंडवाली जेवली का?" असंच विचारते. म्हणून इथेही मी तिला पोलंडवालीच म्हणणार आहे. तिची परवानगी घेतली आहे, फक्त "खरं नाव नको," एवढं तिने बजावलंय.

आम्ही दोघी पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला एका घरात सहा वर्षं राहतोय. मी कोल्हापूरची, एका कंपनीत पगारपत्रकं बघते. ती टार्नुफची, म्हणजे क्राकूफपासून साधारण ऐंशी किलोमीटरवरच्या गावची. सप्टेंबर 2015 मध्ये बाविसाव्या वर्षी एक बॅग घेऊन आली, पहिली दोन वर्षं गोदामात खोकी भरली, मग शिकून डेंटल नर्स झाली. 2024 मध्ये आम्ही दोघींनी ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज केला. एकाच टेबलावर, एकच फॉर्म, एकच फी. आपल्याकडच्या लोकांनी याबद्दल बरंच लिहिलंय, पण युरोपातून आलेल्यांचं प्रकरण जरा निराळं असतं. शेजारी बसून ते पाहिल्यावर मला माझंही जास्त कळलं, म्हणून दोन्ही एकत्र लिहितेय.

आधी एक खुलासा. "कायमची परवानगी आहे ना, मग नागरिकत्व कशाला?" असं आम्हाला सगळ्यांनी विचारलं. माझ्याकडे नोव्हेंबर 2022 पासून आयएलआर (इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी) होतं, तिच्याकडे नोव्हेंबर 2020 पासून सेटल्ड स्टेटस. ब्रेक्झिटनंतर, आधीपासून इथे असलेल्या युरोपीय लोकांना जो दर्जा मिळाला तो हा. पण माझं आयएलआर सलग दोन वर्षं देशाबाहेर राहिलं की संपतं आणि तिचं सेटल्ड स्टेटस पाच वर्षांनी. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, माझ्या बाबांना नुकताच स्टेंट बसला होता. परत जाऊन काही वर्षं आईवडिलांजवळ राहावं लागलं तर इथलं दार बंद होऊ नये, एवढाच हिशेब. घरी जाता यावं म्हणून आम्ही ब्रिटिश व्हायचं ठरवलं. हे वाक्य मी बाबांना तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा ते "बरं" म्हणाले.

तिचं आणखी एक दुखणं होतं. सेटल्ड स्टेटसचं कार्ड मिळत नाही, सगळं ऑनलाइन. घर, नोकरी, काहीही असो, वेबसाइटवरून शेअर कोड काढून द्यायचा. 2023 मध्ये एका घर-एजंटाने तिला "कार्ड दाखवा, कार्ड" म्हणून अर्धा तास उभं केलं. माझ्याकडे तेव्हा गुलाबी बीआरपी कार्ड, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड होतं, मी ते दाखवून मोकळी झाले. त्या रात्री ती भांडी घासताना म्हणाली, "आठ वर्षं कर भरतेय आणि पुरावा म्हणून माझ्याकडे एक पासवर्ड आहे."

जानेवारी–मार्च : परीक्षा

माझी 'लाइफ इन द यूके' परीक्षा आयएलआरच्या वेळीच झाली होती, ती एकदा पास झालात की पुन्हा द्यावी लागत नाही. सेटल्ड स्टेटसला मात्र ही परीक्षा लागत नाही, त्यामुळे तिला आता द्यायची होती. 24 प्रश्न, 45 मिनिटं, पास व्हायला 18 बरोबर, फी 50 पौंड. सरकारी पुस्तक एकच, त्यातूनच प्रश्न येतात. आठव्या हेन्रीच्या सहा बायका क्रमाने, कुठली लढाई कुठल्या साली, असलं सगळं. त्यात आपला शेख दीन महोमेदही आहे, 1810 मध्ये लंडनमध्ये पहिलं करी हाउस काढणारा. तो तिच्या पक्का लक्षात राहिला. हेन्रीच्या बायका मात्र मी भाजी चिरता चिरता रोज घोकून घ्यायची.

8 फेब्रुवारीला परीक्षा होती आणि तिला केंद्रावरून परत पाठवलं. बुकिंग करताना तिने मधलं नाव गाळलं होतं, पासपोर्टवर ते आहे. पन्नास पौंड गेले. चूक तिचीच, पण ती रोज वापरत नाही ते नाव तिच्या आजीचं. हे लिहून ठेवा: बुकिंगमधलं नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं, तिथे हमखास घोळ होतो.

त्या दिवशी नेमका पोलंडमधला 'जाड गुरुवार' होता. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा गुरुवार, त्या दिवशी पोंच्की खायच्याच. म्हणजे गुलाबाचा जॅम भरलेले, तळलेले गोळे, वरून साखरेचा पाक. परीक्षा न देता आली ती पोलिश दुकानातून डझनभर घेऊन. खाताना रडत होती की हसत होती, नीट कळलं नाही. मी चार खाल्ल्या. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे ज्या जोमाने जेवायला बसतात, तसंच काहीसं.

मार्चमध्ये पास झाली. किती गुण मिळाले ते सांगत नाहीत, फक्त पास.

इंग्रजीची परीक्षा वेगळी. माझं आयएलआरच्या वेळचं प्रमाणपत्र चाललं. तिला बी-वन पातळीची बोलण्या-ऐकण्याची परीक्षा द्यावी लागली, दीडशे पौंडांच्या आसपास, वेळ जेमतेम दहा मिनिटं. सरकारने मान्य केलेल्याच केंद्रात द्या, गल्लीतल्या कुठल्याही इन्स्टिट्यूटचा कागद चालत नाही. त्यात एक विषय आपण निवडून जायचा असतो. तिने निवडला अळंबी वेचणं. सप्टेंबरात पोलंडमधली निम्मी जनता टोपली आणि सुरी घेऊन जंगलात असते म्हणे. कुठलं अळंबं देठापाशी निळं पडतं, कुठलं हातही लावायचं नाही, चांगल्या जागा शेजाऱ्यांना का सांगायच्या नाहीत, हे सगळं मला सांगून तिने तयारी केली. तिच्या आईने दोऱ्यात ओवून वाळवलेल्या अळंब्यांची माळ आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकते. पावसाळी दिवशी घरभर वास सुटतो. आमच्या माळ्यावर आजी सुकटीची गाठोडी ठेवायची, त्याची आठवण होते, वास अगदी वेगळा असूनही.

एप्रिल–मे : प्रवासांची यादी

फॉर्ममधला सगळ्यात डोकेखाऊ भाग हा. मागच्या पाच वर्षांत देशाबाहेर केलेला प्रत्येक प्रवास, जाण्या-येण्याच्या तारखांसकट. पाच वर्षांत एकूण 450 दिवसांपेक्षा जास्त आणि शेवटच्या बारा महिन्यांत 90 पेक्षा जास्त बाहेर नसावं. माझं सोपं होतं. भारतात जाता-येता पासपोर्टवर शिक्के पडतात आणि मी वर्षातून एकदाच जाते. ती वर्षातून पाच-सहा वेळा जायची, तेही ऑक्टोबर 2021 पर्यंत पासपोर्टऐवजी पोलिश ओळखपत्रावर. शिक्का एकही नाही. ल्युटन आणि स्टॅनस्टेडहून क्राकूफची स्वस्त तिकिटं, त्यांचे ईमेल, बँकेची स्टेटमेंटं, तिच्या बहिणीने टाकलेले फोटो, यावरून आम्ही तीन रविवार यादी जुळवत बसलो. "हा केक कुणाचा? नावाचा दिवस की वाढदिवस?" पोलंडमध्ये वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा, विशेषतः जुन्या पिढीत. कॅलेंडरवर प्रत्येक तारखेला नावं छापलेली असतात. त्या केकच्या जोरावर आम्ही 2022 मधली एक फेरी शोधून काढली.

यादीपेक्षा मोठा खड्डा दुसराच निघाला. अर्ज पोचेल त्या दिवसाच्या बरोबर पाच वर्षं आधी तुम्ही प्रत्यक्ष या देशात असायला हवं. ती 21 मे रोजी अर्ज पाठवणार होती. यादी पाहताना दिसलं, 10 ते 25 मे 2019 ती टार्नुफला होती, भाच्याच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमधल्या संस्काराला. म्हणजे थेट नकार, आणि फी गेली ती गेलीच. नशीब, यादी आधी केली. तुम्हीही आधी यादी करा, मग तारीख ठरवा.

दोन रेफरी, म्हणजे तुमची ओळख देणारे, लागतात. तुम्हाला तीन वर्षं ओळखणारे, नात्यातले नसलेले. एक व्यावसायिक दर्जाचा, कुठल्याही देशाचा. दुसरा ब्रिटिश पासपोर्टवाला. तिला तिच्या दवाखान्यातल्या डेंटिस्टने सही दिली, मला ऑफिसातल्या अकाउंटंटने. दुसरी सही दोघींनाही शेजारच्या आजोबांनी दिली. आजोबांनी दोन्ही फॉर्म चष्मा लावून पूर्ण वाचले आणि "दोघींपैकी कुणी तुरुंगात गेलं होतं का?" असं चहा पिता पिता विचारलं.

आता बाबा. मे महिन्यात मी त्यांना स्पष्ट सांगितलं की भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ब्रिटिश झाले की भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "सातबाऱ्यावरनं नाव जातंय का?" हे मी वाचून ठेवलं होतं. ओसीआयवाल्याला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली मात्र राहते. मतदान करता येत नाही. "मतदानाला तू कुठं येतीस," बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

पोलंडवाली हे ऐकत होती. तिला यातलं काहीच करायचं नव्हतं. पोलंडच्या राज्यघटनेनुसार, तुम्ही स्वतःहून सोडल्याशिवाय नागरिकत्व जात नाही. दुसरं घेतलंत तर घ्या, फक्त पोलिश सरकारपुढे तुम्ही निव्वळ पोलिश, दुसऱ्या पासपोर्टचा हवाला द्यायचा नाही. तिला माझ्याबद्दल वाईट वाटलं आणि मला त्या वाईट वाटण्याचा राग आला. दोन दिवस आम्ही मोजकंच बोललो. मग तिने न विचारता माझ्यासाठी वरणाला फोडणी दिली, मोहरी जाळली, आणि ते मिटलं.

जून–नोव्हेंबर : पैसे आणि वाट

17 जून 2024, सोमवार. ऑनलाइन अर्ज, प्रत्येकी 1630 पौंड, समारंभाचे 130 धरून. 'पे' दाबायच्या आधी तिने छातीवर क्रूस काढला, मी "गणपती बाप्पा" म्हटलं.

मग बोटांचे ठसे. कागदपत्रं स्वतः अपलोड केली तर त्याचे पैसे पडत नाहीत, आणि फुकटच्या अपॉइंटमेंट असतात, पण मोजक्या. दिवसा बघितलं तर सगळ्या पैशांच्याच दिसायच्या. रात्री उशिरा आणि पहाटे बघत राहिले, तेव्हा क्रॉयडनची फुकट मिळाली. तीनशे पानांचे पुरावे लागत नाहीत. पासपोर्ट, आयएलआर किंवा स्टेटसचा पुरावा, परीक्षांचे क्रमांक, रेफरींचे फॉर्म, पाच वर्षांचे पी-सिक्स्टी (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला). एवढ्यात माझं भागलं.

त्यानंतर काही नाही. सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात असं सांगतात, आणि मधे विचारून उपयोग नसतो. मी रोज ईमेल बघायची. ती बघायची नाही. "माझ्या आजीने फ्रिजसाठी याहून जास्त वाट पाहिली होती," म्हणायची. कम्युनिस्ट काळातल्या रांगांबद्दल तिच्या घरात एवढं बोललं जातं की नंतर जन्मलेल्या तिलाही त्या पाठ आहेत.

14 ऑक्टोबरला तिचं मंजुरीपत्र आलं. माझं नाही. ती एकटी आनंदही करेना, माझ्यापुढे फोन उलटा ठेवायची.

1 नोव्हेंबरला ती मला गनर्सबरीच्या दफनभूमीत घेऊन गेली. सर्व संतांचा दिवस. पोलिश लोक त्या दिवशी आपल्या माणसांच्या कबरी धुतात, शेवंतीची फुलं ठेवतात आणि काचेच्या रंगीत भांड्यांतले दिवे लावतात. तिचं इथे कुणी पुरलेलं नाही. ती दरवर्षी ज्या कबरीवर दिवा नसेल तिथे लावते. गनर्सबरीत कातिनच्या हत्याकांडाचा, म्हणजे 1940 मध्ये सोव्हिएत पोलिसांनी मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या स्मरणाचा काळा स्तंभ आहे, 1976 मध्ये उभारलेला. त्याच्या पायथ्याशी इतके दिवे होते की थंडीत तिथे उभं राहिलं तर पाय शेकत होते. कोल्हापुरात त्याच दिवशी लक्ष्मीपूजन चालू होतं. मी आईला व्हिडिओ पाठवला. "दिवाळी कुणाची गं?" आईने विचारलं.

तिथे मी तिला वळिवड्याचं पुन्हा एकदा सांगितलं. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. स्टालिनने सैबेरियात पाठवलेले, तिथून इराणमार्गे आलेले, बहुतेक बायका आणि मुलं. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात, फाळणीनंतर तिथे सिंधी लोक आले. माझी आजी सांगायची, त्या गोऱ्या बायका मंडईत मराठीत घासाघीस करायच्या आणि भेंडीला हात लावायच्या नाहीत. युद्धानंतर त्यांच्यातले बरेच जण इंग्लंडला आले. पोलंडवाली त्यानंतर कबरींवरच्या पाट्या वाचत सावकाश चालत राहिली. 'कोल्हापूर' असं कुठे लिहिलंय का बघत होती.

6 नोव्हेंबरला माझं पत्र आलं.

डिसेंबर : शपथ आणि बारा पदार्थ

पत्र आल्यापासून तीन महिन्यांत समारंभ व्हावा लागतो. ती माझ्यासाठी थांबली होती. 5 डिसेंबर, गुरुवार, कौन्सिलचा हॉल, वीस-बावीस जण. शपथ दोन प्रकारची, देवाला स्मरून किंवा नुसती प्रतिज्ञा. तिने देव घेतला, मी प्रतिज्ञा. राजाचा फोटो, राष्ट्रगीत, हस्तांदोलन, प्रमाणपत्र. चाळीस मिनिटांत संपलं. मी साडी नेसले होते आणि बसस्टॉपवर गारठून गेले. प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा, नंतर दुरुस्ती म्हणजे परत अर्ज. माझ्यासारखं बीआरपी कार्ड असेल तर पाच दिवसांत परत पाठवावं लागायचं, नाहीतर हजार पौंडांपर्यंत दंड. आता ती कार्डं बंदच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बुटात चॉकलेट होतं. 6 डिसेंबर, संत निकोलसचा दिवस.

पहिला ब्रिटिश पासपोर्ट ऑनलाइन तेव्हा 88.50 पौंडांना होता. त्यासाठी जुना पासपोर्टही पाठवावा लागतो, त्यामुळे नाताळला ती घरी जाऊ शकली नाही. 24 डिसेंबरची विगिलिया, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण, आमच्याच स्वयंपाकघरात झालं. टेबलावरच्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत (पाळीव सशांच्या दुकानातून आणलेलं), पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायचं नाही. चांदणी लंडनमध्ये कुठली दिसायला, आम्ही हीथ्रोकडे उतरणारं विमान धरलं. त्या दिवशी मांस चालत नाही आणि पदार्थ बारा हवेत. बीटाचं बार्श्च आणि त्यात अळंबी भरलेल्या इवल्याशा उश्का, मासा, कोबीचे पिएरोगी, सुक्या फळांचं कोंपोत, खसखशीचा रोल. अकरा झाले. "उपास आहे ना?" म्हणून बारावी मी साबुदाण्याची खिचडी केली. तिच्या आईला व्हिडिओवर ती दाखवली तेव्हा बाई खुर्चीतून पुढे वाकल्या आणि "हे माशाचे डोळे आहेत का?" असं विचारलं.

जेवणाआधी ओपवातेक, प्रसादाच्या पोळीसारखी पातळ पापडी. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडून त्याचं भलं चिंतायचं. एक ताटली जास्तीची मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. कुणी आलं नाही. शेवटी तिने ती कोरी ताटलीही बाकीच्यांबरोबर घासून ठेवली.

2025 : जमा आणि परत

पासपोर्ट जानेवारीत आले. फेब्रुवारीत मी भारतीय पासपोर्ट जमा करायला गेले. आधी ब्रिटिश पासपोर्ट हातात, मग सरेंडर, मग ओसीआय, हाच क्रम. आणि नागरिकत्वाच्या तारखेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका, दंड लागतो. ओसीआयचा फोटो चौकोनी, दोन इंच बाय दोन इंच, इथल्या पासपोर्टचा चालत नाही. हे माहीत नसल्याने माझी एक फेरी वाया गेली. पोलंडवाली रजा टाकून सोबत आली होती. खिडकीतल्या बाईंनी माझा पासपोर्ट घेतला, पानं मोजल्यासारखी उलटली. आत 2017 चा मुंबईचा निघतानाचा शिक्का होता. तीन-चार आठवड्यांनी तो रद्दचा शिक्का मारून परत आला. तो मी जपून ठेवलाय.

ओसीआय अजून आलं नव्हतं, म्हणून कोल्हापूरऐवजी ईस्टरला तिच्याबरोबर टार्नुफला गेले. क्राकूफला ती युरोपवाल्यांच्या रांगेतून अर्ध्या मिनिटात बाहेर, मी 'सर्व पासपोर्ट'मध्ये पस्तीस मिनिटं. माझ्या कोऱ्या ब्रिटिश पासपोर्टवर पहिला शिक्का पोलंडचा पडला. घरात शिरताच तिच्या आईने चपला काढायला लावल्या आणि घरातल्या सपाता पुढे केल्या. गुडघा दुखत असूनही स्वतः वाकून. "गोश्च व दोम, बूग व दोम," म्हणाल्या. पाहुणा घरात, म्हणजे देव घरात. सोमवारी सकाळी तिच्या बाबांनी मला झोपेतच तांब्याभर पाणी ओतून उठवलं, ईस्टरच्या दुसऱ्या दिवसाची तिथली रीत. मी ओल्या केसांनी आईला फोन लावला. "रंगाविना रंगपंचमी," आई म्हणाली, "टॉवेल तरी दिला का?"

ओसीआय मे महिन्यात आलं. डिसेंबरची कोल्हापूरची तिकिटं काढली आहेत, दोघींची. परवा तिचा भारताचा ई-व्हिसा भरायला बसलो. दहा वर्षांत कुठल्या कुठल्या देशांत गेलात, असा रकाना आला तेव्हा तिने डोकं टेबलावर टेकलं. तो मी भरला. मग वर गेलो, पासपोर्टच्या रकान्याकडे. तिच्याकडे आता दोन आहेत.

"कुठला टाकू?" मी विचारलं.

"पोलिश," ती म्हणाली. "वळिवड्याला ब्रिटिश म्हणून जाऊ काय?"